आयात गव्हाचे परावलंबन : भारत आणि इजिप्त (१९५१ ते २०२४)
डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या मध्यास भारत आणि इजिप्त या दोन देशांची अन्नस्थिती बऱ्याच अंशी सारखी होती. दोन्ही देश ब्रिटिश वर्चस्वातून बाहेर पडत होते, दोन्ही देशांचे नेतृत्व अलिप्ततेच्या धोरणाचा पुरस्कार करीत होते आणि दोन्ही देशांतील मोठ्या शहरांना लागणाऱ्या गव्हाचा मोठा हिस्सा पुढे अमेरिकेच्या कोठारांतून येऊ लागला. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भारताचे गव्हाचे उत्पादन २०२३-२४ मध्ये ११ कोटी टनांच्या पुढे गेले आणि आयात नाममात्र उरली. इजिप्तचे उत्पादनही वाढले. तरीही २०२१ च्या सुमारास हा देश वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख टन गहू बाहेरून आणीत होता आणि जगातील सर्वांत मोठ्या गहू आयातदारांत त्याची गणना होत होती.

या फरकाचे प्रचलित स्पष्टीकरण ‘हरितक्रांती’ या एका शब्दात दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. सुधारित बियाणे इजिप्तलाही उपलब्ध होते, नाईलचे पाणी बारमाही होते आणि गव्हाच्या हेक्टरी उत्पादनात इजिप्त भारताच्या सातत्याने पुढेच राहिला आहे. इजिप्तची लागवडयोग्य जमीन देशाच्या क्षेत्रफळाच्या अवघ्या चार टक्क्यांच्या आसपास आहे आणि १९५० मधील सुमारे दोन कोटींची लोकसंख्या २०२० पर्यंत दहा कोटींच्या पुढे गेली, ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. परंतु १९८० च्या दशकात या देशाला लागणाऱ्या गव्हापैकी सुमारे तीन-चतुर्थांश गहू आयात करावा लागत होता आणि पुढे, जमीन तेवढीच आणि माणसे अधिक असताना, हे प्रमाण घटले. केवळ भूगोलाने या चढउताराची उकल होत नाही. राज्यसंस्थेने आपल्याच शेतकऱ्याच्या गव्हाला कोणता भाव दिला आणि स्वस्त भाकरीचा खर्च कोणावर टाकला, या दोन प्रश्नांकडे त्यासाठी वळावे लागते.

प्रस्तुत निबंधात ही तुलना डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात केली आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेले हे तालुके भात व नागलीचे आहेत. तलासरी हा १९६० च्या राज्यनिर्मितीत उंबरगावचा मोठा भाग गुजरातकडे गेल्यानंतर महाराष्ट्रात उरलेल्या गावांचा मुलूख. तलासरीच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे नव्वद टक्के, तर डहाणूत दोन-तृतीयांशांहून अधिक आहे. येथे गहू हे कधीच प्रमुख पीक नव्हते. तरीही रास्त भाव दुकानाच्या मार्गाने गहू येथील घराघरांत पोचला. जो प्रदेश गहू पिकवत नाही पण खातो, त्याच्या दृष्टीने ‘स्वयंपूर्णता’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न राष्ट्रीय आकडेवारीत सहसा विचारला जात नाही.

एका संज्ञेविषयी

देशात उपलब्ध झालेल्या एकूण गव्हात, म्हणजे उत्पादन अधिक निव्वळ आयात या बेरजेत, आयातीचा वाटा किती, यावरून आयात-परावलंबन मोजले जाते. मापन सोपे आहे, म्हणूनच फसवेही आहे. ज्या देशातील गरिबांना गहू विकतच घेता येत नाही, तो देश या मापाने स्वयंपूर्ण ठरू शकतो. भारतातील दरडोई गव्हाच्या वापराच्या दुपटीहून अधिक वापर इजिप्तमध्ये होतो, हेही या गुणोत्तरात दिसत नाही. शिवाय देशाच्या सरहद्दीच्या आत धान्य कोठून कोठे जाते, कोणत्या अटींवर जाते, याविषयी ते मौन बाळगते. पुढील विवेचनात हे माप वापरले आहे, पण त्याच्या या मर्यादा लक्षात ठेवून.

गव्हापूर्वीचे परावलंबन

डहाणू-तलासरीत परदेशी गहू पोचण्यापूर्वी अन्नाबाबत कोणी कोणावर अवलंबून नव्हते, असे चित्र रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी, दुबळा, धोडिया, कातकरी या समाजांचे अन्न म्हणजे खाचरातील भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीतील नागली व वरई. राब भाजून तयार केलेली रोपे, जूनचा पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरची सुगी असे हे चक्र. सुगीचे धान्य खंड, कर्जफेड आणि घरखर्च यांत वाटले जाऊन उन्हाळ्याअखेर संपत येई. आषाढ-श्रावणाचे दिवस कडूकंद, रानभाज्या आणि सावकाराची खावटी यांवर निघत. खावटी म्हणजे पावसाळ्यात पोटासाठी उचललेले धान्य. ते सुगीला दीडपट, दुप्पट करून फेडावयाचे. फेड झाली नाही तर अंगमेहनत द्यावयाची. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही सावकाराचे ‘लग्नगडी’ होत. डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला सादर केलेल्या अहवालात आदिवासींच्या या कर्जबाजारीपणाची दखल घेतलेली आहे.

याच तालुक्यांतून मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत, बांधकामासाठी लाकूड आणि शहरासाठी मनुष्यबळ जात असे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे झालेल्या परिषदेनंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार व लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव झाला. ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी, ही त्या लढ्यातील प्रमुख मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात हा काळ सविस्तर आलेला आहे. अन्नाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील लक्षणीय बाब अशी की, लढा मुख्यतः मजुरीचा आणि वेठीचा असला तरी त्याच्या मुळाशी पावसाळ्यातील चार महिन्यांचे धान्य होते. ज्याच्या हाती खावटी त्याच्या हाती माणूस, अशी ती व्यवस्था होती.

आयात गव्हाच्या राजकारणाकडे वळताना हे सूत्र स्मरणात ठेवणे उपयुक्त ठरते. १९६० च्या दशकात दिल्ली आणि कैरो यांना वॉशिंग्टनकडून जो अनुभव आला, त्याचे स्वरूप खावटीहून फारसे भिन्न नव्हते.

जहाजांची दोन दशके

फाळणीने पश्चिम पंजाबची कालव्यांखालील गव्हाची जमीन पाकिस्तानात गेली. १९५०-५१ मध्ये भारताचे गव्हाचे उत्पादन ६५ लाख टनांच्या आसपास होते आणि १९५१ मध्ये एकूण धान्याची आयात ४८ लाख टनांच्या घरात होती. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेने २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यावर अमेरिकन काँग्रेसमध्ये कित्येक महिने चर्चा चालली आणि भारताच्या परराष्ट्र धोरणावर तीत बरीच टीका झाली. मदतीसोबत येणाऱ्या अटींचा तो पहिला अनुभव होता.

१९५४ च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्याने या व्यवहाराला स्थायी रूप मिळाले. अमेरिकेत आधारभूत किमतींमुळे गव्हाचा प्रचंड साठा झाला होता. तो मित्रदेशांना त्यांच्याच चलनात विकावयाचा, ते चलन त्या देशातच अमेरिकेच्या खात्यावर ठेवावयाचे आणि त्यातून काही भाग कर्ज वा अनुदान म्हणून परत द्यावयाचा, अशी ही योजना. भारताचा पहिला मोठा करार ऑगस्ट १९५६ चा. दुसरा ४ मे १९६० चा; मुंबईचे नेते आणि तत्कालीन केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टन येथे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासमवेत त्यावर स्वाक्षरी केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ, असे त्याचे आकारमान होते. परकीय चलन न खर्चता गहू मिळतो, मग तो आपल्या शेतकऱ्याकडून अधिक भावाने का घ्यावा, हा विचार त्या काळी बळावला नसता तरच नवल. अमेरिकन अर्थतज्ज्ञ टी. डब्ल्यू. शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच असा इशारा दिला होता की, अशी आयात घेणाऱ्या देशातील शेतमालाचे भाव दाबून धरते. भारतातील परिणामांचा सविस्तर अभ्यास नीलकंठ रथ आणि व्ही. एस. पटवर्धन यांनी केला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने तो १९६७ मध्ये प्रसिद्ध केला.

हा गहू प्रामुख्याने बंदरांच्या शहरांत व तेथील पीठगिरण्यांत खपत असे. मुंबईत १९४३ पासून रेशनिंगची परंपरा होतीच. गोदीवर अमेरिकन गहू उतरत असताना रेल्वेने सव्वाशे किलोमीटर उत्तरेला असलेल्या डहाणूत खावटीचे चक्र पूर्णतः थांबलेले नव्हते. धान्य देशात येणे आणि धान्य सर्वांच्या घरात येणे यांत अंतर असते, याचे हे जवळचे उदाहरण. (गाजर गवत याच गव्हाबरोबर आले, अशी महाराष्ट्रात सार्वत्रिक समजूत आहे. तथापि पुण्यातील त्याची नोंद १९५६ मध्येच प्रसिद्ध झाली होती, म्हणजे पीएल-४८० चा गहू मोठ्या प्रमाणावर येण्यापूर्वी. ‘काँग्रेस गवत’ या नावात वनस्पतिशास्त्रापेक्षा लोकांचा रोष अधिक आहे.)

इजिप्तचा मार्ग अधिक खडतर होता. १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू झालेला अमेरिकन गव्हाचा पुरवठा १९५६ च्या सुएझ संघर्षानंतर थांबला, दशकाच्या अखेरीस पुन्हा सुरू झाला आणि १९६२ मध्ये तीन वर्षांचा करार झाला. नोव्हेंबर १९६४ मध्ये कैरो येथील अमेरिकन ग्रंथालय निदर्शकांनी जाळले. त्यानंतरच्या महिन्यात पोर्ट सैद येथील भाषणात नासर यांनी अमेरिकेला जाहीरपणे फटकारले. परिणामी पुरवठा आखडला आणि १९६७ च्या युद्धानंतर तो बंदच झाला. नासर यांना सोव्हिएत गव्हाकडे आणि रोखीच्या खरेदीकडे वळावे लागले.

भारतावर हीच वेळ थोड्या वेगळ्या रीतीने आली. १९६५-६६ व १९६६-६७ ही लागोपाठ अवर्षणाची वर्षे. गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मधील १ कोटी २३ लाख टनांवरून १ कोटी ४ लाख टनांवर घसरले. १९६६ मध्ये एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात झाले, त्यात गहू सुमारे ७८ लाख टन. वर दिलेल्या मापाने पाहता त्या वर्षी देशातील दर पाच किलो गव्हामागे दोन किलोंहून अधिक गहू परदेशी होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी बहुवार्षिक कराराऐवजी महिन्या-महिन्याच्या हिशेबाने जहाजे सोडण्याचे धोरण स्वीकारले. व्हिएतनामवरील भारताची भूमिका आणि भारताचे शेतीविषयक धोरण, दोन्ही त्यात तोलले जात होते. गोदीत उतरलेला दाणा साठवणीला न जाता सरळ रेशन दुकानात जात होता. लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे केलेले आवाहन याच काळातले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या वर्षांची आठवण गव्हापेक्षा ‘मिलो’ या लाल अमेरिकन ज्वारीने अधिक राहिली. पुढे १९७२ च्या दुष्काळात तिच्या जोडीला सुकडी आली.

दोन वाटा

१९६५ हे वर्ष दोन्ही देशांना सारखाच धडा देणारे होते. त्याला मिळालेली उत्तरे मात्र वेगळी होती.

भारताने बियाण्यापूर्वी भावाचा प्रश्न हाती घेतला. ल. के. झा समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग स्थापन झाला आणि त्याच महिन्यात भारतीय अन्न महामंडळाचे काम सुरू झाले. नोव्हेंबर १९६५ मध्ये अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी रोम येथे अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्याशी जो समझोता केला, त्यात शेतीवरील गुंतवणूक वाढविण्याचे आश्वासन होते. परंतु त्याची दिशा देशात आधीच आखली जात होती. १९६६ मध्ये मेक्सिकोहून ‘लर्मा रोहो’ आणि ‘सोनोरा ६४’ या वाणांचे १८ हजार टन बियाणे आले. १९६७-६८ मध्ये उत्पादन १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याने हे बियाणे स्वीकारले, कारण ठरलेल्या भावाने माल उचलणारा खात्रीचा गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभा होता. पीएल-४८० ची आयात १९७१ च्या अखेरीस संपली. फेब्रुवारी १९७४ च्या करारान्वये अमेरिकेने साचलेल्या रुपयांपैकी सुमारे १,६६४ कोटी रुपये भारताला परत केले.

ही वाट सरळ मात्र नव्हती. १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार सरकारी ताब्यात घेण्याचा प्रयोग फसला, त्याच वर्षी सोव्हिएत युनियनकडून २० लाख टन गहू उसना घ्यावा लागला आणि १९७५ मध्ये धान्याची आयात पुन्हा ७० लाख टनांच्या पुढे गेली. हरितक्रांतीने १९६८ मध्येच आयात संपविली, हे पाठ्यपुस्तकी विधान म्हणूनच दुरुस्त करावयास हवे. आयात खऱ्या अर्थाने थांबली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस, राखीव साठा उभा राहिल्यावर.

इजिप्तने शहरी ग्राहकाला स्वस्त भाकरी देण्याचे वचन पाळले, पण त्याचा मोठा भार फेल्लाह म्हणजे शेतकऱ्यावर टाकला. कापूस, तांदूळ, गहू या पिकांचा ठरावीक हिस्सा सरकारी दराने देण्याची सक्ती अनेक वर्षे होती. बर्सीम या चाऱ्याच्या पिकावर मात्र असे बंधन नव्हते आणि मांसाचे भाव चढे होते. शेतकऱ्याने साधा हिशेब केला आणि जमीन चाऱ्याकडे वळविली. टिमोथी मिचेल यांनी ‘रूल ऑफ एक्स्पर्ट्स’ (२००२) या ग्रंथात दाखवून दिले आहे की, इजिप्तची वाढती धान्य आयात केवळ वाढत्या लोकसंख्येमुळे नव्हती, तर धान्य आणि जमीन पशुखाद्याकडे वळल्यामुळेही होती. १९७४ नंतर सादात यांनी अमेरिकेशी संबंध सुधारले आणि गव्हाची जहाजे पुन्हा अलेक्झांड्रियास लागू लागली. जानेवारी १९७७ मध्ये नाणेनिधीच्या सल्ल्याने पीठ, साखर, तांदूळ इत्यादींवरील अनुदान कमी करण्याची घोषणा होताच दोन दिवस दंगली उसळल्या, सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर कोणत्याही सरकारला भाकरीला हात लावणे सोपे राहिले नाही. इजिप्तमध्ये भाकरीला ‘ऐश’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ जगणे. मराठीत हाच अरबी शब्द ‘ऐषआराम’ या जोडशब्दात चैनीच्या अर्थाने आला आहे.

१९८० च्या दशकाच्या मध्यास इजिप्तचे गव्हाचे उत्पादन २० लाख टनांच्या आसपास अडकलेले होते. १९८६-८७ पासून पिकांवरील सक्ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि सरकारी खरेदीचा भाव जागतिक बाजाराच्या जवळ आला. १९९० पर्यंत उत्पादन दुपटीहून अधिक झाले आणि २००० मध्ये ते ६५ लाख टनांवर पोचले. जमीन तीच, नदी तीच, शेतकरीही तोच. या पंधरा वर्षांचा अनुभव प्रस्तुत निबंधातील मुख्य विधानाला सर्वांत सबळ पुरावा पुरवतो.

ही सुधारणा आयात संपविण्यास मात्र पुरेशी ठरली नाही. १९८९ पासून अनुदानित ‘बलदी’ भाकरीचा दर पाच पियास्टर असा गोठविला गेला. २००८ मध्ये जागतिक भाववाढीच्या काळात कैरोतील भाकरीच्या रांगांत माणसे दगावली. २०११ च्या आंदोलनात ‘भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय’ ही घोषणा होती आणि तिच्यात भाकरीचा क्रम पहिला होता.

२००६ आणि २०२२

भारताच्या स्वयंपूर्णतेला दोनदा धक्का बसला. २००६ मध्ये खासगी व्यापाऱ्यांनी चढ्या भावाने गहू उचलला आणि सरकारी खरेदी ९२ लाख टनांवर थांबली. रेशन चालविण्यासाठी सुमारे ५५ लाख टन गहू परदेशातून आणावा लागला. देशात गहू नव्हता असे नव्हे. सरकारच्या कोठारात तो नव्हता.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले. इजिप्तच्या गहू आयातीपैकी सुमारे ८० टक्के गहू या दोन देशांतून येत होता. पर्याय म्हणून इजिप्तने एप्रिलमध्ये भारतीय गव्हाला मान्यता दिली. त्याच मार्च महिन्यात उत्तर भारतात असह्य उष्मा झाला, दाणा बारीक पडला आणि सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर कोसळली. १३ मे २०२२ रोजी भारताने निर्यातबंदी जाहीर केली. कांडला बंदरात इजिप्तसाठी भरले जात असलेले ६१,५०० टनांचे एक जहाज मात्र अपवाद म्हणून सोडण्यात आले. साठ वर्षांपूर्वी एकाच कोठारासमोर हात पसरून उभ्या असलेल्या दोन देशांपैकी एक आता दात्याच्या जागी होता, आणि दार बंद करण्याचा अधिकारही त्याच्याकडे होता.

त्याच मे महिन्यात केंद्र सरकारने मोफत धान्य योजनेतील गव्हाचा कोटा काही राज्यांत बंद केला, काही राज्यांत घटविला आणि त्याऐवजी तांदूळ दिला. घटलेल्या कोट्याच्या यादीत महाराष्ट्र होता. महाराष्ट्र देशाच्या गव्हापैकी दोन टक्क्यांच्या आसपासच गहू पिकवतो. शासकीय खरेदीचा गहू बहुतांशी पंजाब, हरियाणा व मध्य प्रदेशातून येतो. पंजाबच्या शिवारात मार्चमध्ये जे घडले, त्याने पालघरच्या शिधापत्रिकेवरील धान्याचे प्रमाण बदलले.

रेशनचा गहू आणि वरकस जमिनीवरील नागली

डहाणू-तलासरीत रेशनने काय साधले, हे प्रथम स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, १९७६ च्या कायद्याने आदिवासी क्षेत्रात शेतमालाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यानंतर शासकीय खावटी कर्ज आले आणि रास्त भाव दुकानांचे जाळे विस्तारले. खासगी सावकाराच्या खावटीचा पाया या सर्वांमुळे ढासळला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला ५ किलो धान्याचा हक्क दिला. गव्हाचा दर किलोला २ रुपये, तांदळाचा ३ रुपये. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. पावसाळ्यातील चार महिन्यांसाठी माणूस गहाण पडण्याची १९४५ पूर्वीची स्थिती आणि ही स्थिती यांची तुलनाच होऊ शकत नाही. रेशनमुळे आदिवासी ‘परावलंबी’ झाला, असे म्हणणाऱ्यांनी त्याचे पूर्वीचे परावलंबन अभ्यासलेले नसते.

तथापि याच व्यवस्थेची दुसरी बाजू इजिप्तच्या इतिहासाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसते. १९७० च्या दशकातील इजिप्तमध्ये बाहेरून आलेल्या स्वस्त गव्हाशी फेल्लाहच्या गव्हाला स्पर्धा करावी लागत होती. डहाणू-तलासरीच्या वरकस जमिनीवर नागली पिकवणाऱ्या शेतकऱ्याची जागा आज बरीचशी तशीच आहे. नागलीला आधारभूत किंमत जाहीर होते. २०२४-२५ साठी ती क्विंटलला ४,२९० रुपये होती, म्हणजे गव्हापेक्षा बरीच अधिक. परंतु जाहीर किमतीला गिऱ्हाईक लागतो. पंजाबच्या गव्हामागे अन्न महामंडळाचे ट्रक आणि गोदामे उभी राहिली. भरडधान्याची शासकीय खरेदी त्या तुलनेने नगण्य आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या अनुसूचीत भरडधान्याचा दर किलोला १ रुपया असा लिहिलेला होता, तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही पिके नव्हती असे म्हणता येत नाही. खरेदीच नसेल तर वाटप कोठून होणार?

नागलीची शेती कष्टाची आहे. उतारावरील राब, लावणी, राखण, मळणी यांत सगळे घर राबते आणि हाती येणारे पीक मोजके असते. घरातील तरुण माणूस उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत, वीटभट्ट्यांवर किंवा डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत मजुरीला जात असेल आणि दुकानात गहू-तांदूळ फुकट मिळत असेल, तर नागलीखालील जमीन ओस पडणे हा आळसाचा परिणाम ठरत नाही. बर्सीम पेरणाऱ्या फेल्लाहप्रमाणेच तो सरळ हिशेब आहे. यात आहारातून जे वजा झाले ते मोजण्यासारखे आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हात त्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास. कुपोषणाच्या संदर्भात ज्या जिल्ह्याचे नाव वारंवार घेतले जाते, तेथे हा फरक किरकोळ मानता येणार नाही. भातशेती टिकून आहे, कारण भाताला खरेदी केंद्र आहे आणि घरात भात लागतोही. वारली समाजाच्या श्रद्धेत धान्याची देवता कणसरी आहे. वारली चित्रांतील पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो. गव्हाला या परंपरेत स्थान मिळालेले नाही. तो दुकानातून येतो आणि पिठाच्या गिरणीतून ताटात जातो.

आयात-परावलंबनाच्या गुणोत्तरात यातले काहीच येत नाही. कांडल्याला उतरणारा गहू आयात ठरतो. लुधियानाहून येणारा गहू ठरत नाही. राष्ट्रीय सुरक्षिततेच्या दृष्टीने हा भेद योग्यच आहे. लुधियानाचा गहू तलासरीत येतो तो भारतीय नागरिकाच्या कायदेशीर हक्काने, आणि तो नाकारला गेल्यास दाद मागता येते. १९६६ मध्ये भारताला वॉशिंग्टनकडे किंवा १९६५ मध्ये इजिप्तला अशी दाद मागता आली नव्हती. मात्र हक्क धान्यावर आहे, धान्याच्या निवडीवर नाही. गहू द्यावा की तांदूळ, किती द्यावा आणि केव्हा बदलावा, हे दिल्लीत खरेदीच्या आकड्यांवरून ठरते. २०२२ मध्ये ठरले तसेच.

१ जून २०२४ रोजी इजिप्तने बलदी भाकरीचा दर पाच पियास्टरवरून वीस पियास्टर केला. पस्तीस वर्षांत प्रथमच. भारतात मोफत धान्य योजनेला जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. दोन्ही निर्णयांचा भार कोणाच्या शेतावर पडेल, याचा हिशेब कैरोत फेल्लाहच्या गव्हाच्या भावाने मांडावा लागेल. डहाणू-तलासरीत तो मांडावयाचा तर वरकस जमिनीवरील नागलीला गावाजवळ खरेदी केंद्र मिळते की नाही, येथून सुरुवात करावी लागेल.